गावात, गल्लीत, मंडळात तृतीयपंथी, पारलिंगी, समलिंगी माणसांना सोबत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अंबाजोगाईजवळच्या एका गावात वाचनालय चालवतो. त्याच खोलीत बचत गटाची मीटिंग होते अन् सप्त्याची भांडीबी तिथंच ठेवलेली असतात, त्यामुळं गावातलं सगळं तिथून जातं. आमच्यात एक ट्रान्स बाई आहे, एक पोरगा आहे ज्यानं फक्त आम्हा दोघातिघांना सांगितलंय, अन् आता आजूबाजूच्या गावांतूनही लोक विचारायला येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून उत्तरं लिहून काढलीत.

तृतीयपंथी, पारलिंगी, समलिंगी हे सगळं एकच ना?

नाही. अन् इथंच निम्मा घोळ होतो.

तृतीयपंथी हा पेपरातला अन् सरकारी कागदावरचा शब्द. गुरू-चेल्याच्या परंपरेत, डेऱ्यात राहणारे हिजडा समाजातले लोक त्यात येतात पण तेवढेच नाहीत. जन्मल्यावर सुईणीनं नाहीतर डॉक्टरनं "मुलगा झाला" सांगितलं पण जिला आतून माहितीय की मी बाई आहे, ती ट्रान्स बाई. त्याच्या उलट ट्रान्स पुरुष, यांच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही, कारण "पोरगी जरा पोरासारखी राहती" म्हणून विषय संपवतात अन् मग अठराव्या वर्षी लग्न लावतात. या दोघांनाही मराठीत पारलिंगी म्हणतात. काहींना बाई अन् पुरुष यातलं एकही नाव आपलं वाटत नाही, ते स्वतःला नॉनबायनरी म्हणतात. काहींच्या शरीराची ठेवणच जन्मापासून वेगळी असते, त्यांना इंटरसेक्स म्हणतात. अन् समलिंगी हा वेगळाच विषय आहे, तिथं प्रश्न मी कोण हा नसून माझं प्रेम कुणावर बसतं हा आहे. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, त्याला साडी नेसायची असते असं काही नाही.

सगळे शब्द पाठ असायची गरज नाही. समोरचं माणूस स्वतःला जे म्हणतं ते आपण म्हणायचं. "हिजडा" हा शब्द त्या समाजातले लोक स्वतःसाठी वापरतात, आपण शिवी म्हणून वापरायचा नाही. छक्का, बायल्या हे तर कुणालाच नाही, गमतीतसुद्धा नाही.

आमच्या गावात असं कुणीच नाही, मग कशाला?

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा पुरुष-स्त्री सोडून "इतर" मोजले गेले, तेव्हा देशात ४ लाख ८७ हजारांवर अन् महाराष्ट्रात ४० हजारांवर लोकांची नोंद झाली. आता विचार करा, दारात आलेल्या मास्तरासमोर, आई-बाप बाजूला बसलेले असताना "माझं इतर लिहा" असं कितीजण म्हणाले असतील?

आमच्या गावातही कुणीच नव्हतं. म्हणजे होते, पण एक पुण्याला निघून गेलता, एक हैदराबादला, अन् एक गावातच मान खाली घालून जगत होती. तुमच्या गावातलं कोण कोण परत येत नाही, दिवाळीलाही येत नाही, त्यांची नावं एकदा मनात मोजा.

हे शहरातलं फॅड आपल्याकडं आलंय असं वाटत नाही का?

मोबाईलमुळं शब्द नवीन आले हे खरं. माणसं जुनीच आहेत.

तमाशात बाईचं काम करणारा नाच्या पोऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलाय. त्याच्या नाचावर रात्रभर शिट्ट्या मारणारे सकाळी त्यालाच पाणवठ्यावर टोमणे मारायचे हेही जुनंच आहे. तुळजापूरला, माहूरला देवीपुढं परडी घेऊन उभ्या राहणाऱ्यात कोण कोण असतं ते दर्शनाला गेलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. अन् पैठणजवळच्या आपेगावात जन्मलेल्या ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, विठ्ठलाला माउली म्हणतो, वारीत तर शेजारच्या अनोळखी बाप्यालासुद्धा माउलीच म्हणतो. आईपण फक्त बाईच्या शरीरात असतं असं आपल्या जिभेला कधी वाटलंच नाही. मी हे कीर्तनाला बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सांगते तेव्हा ते गप होतात, पण विचार करून गप होतात, चिडून नाही.

हाक कशी मारायची? तो म्हणू का ती म्हणू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अन् मराठीत तो खरंच अवघड आहे कारण आपलं क्रियापदच फुटतं, गेला-गेली, आलास-आलीस.

माहीत नसेल तर सरळ "तुम्ही" म्हणा. "तू कुठं चाललास" म्हणलं की तुम्ही समोरच्याला पुरुष ठरवून टाकलं, "चाललीस" म्हणलं की बाई. "तुम्ही कुठं चाललात" यात काहीच ठरवावं लागत नाही. "येशील का" यातही नाही, "काय म्हणलंस" यातही नाही. "जेवलास का, जेवलीस का" याच्यात अडकायच्या ऐवजी "जेवण झालं का" विचारा, तसंही आपल्याकडं भेटल्या भेटल्या हेच विचारतात. पाठीमागं बोलताना "त्यांनी सांगितलं" म्हणलं तरी चालतं. आपल्या भाषेत मान द्यायला गेलं की पुष्कळदा बाई-पुरुषाचा भेदच गळून पडतो, हे मला याच कामात पहिल्यांदा लक्षात आलं.

पण हे माहीत नसेपर्यंतच. तिनं एकदा सांगितलं की मला ताई म्हणा, तर मग ताईच म्हणायचं अन् "ती आली" असंच बोलायचं. तेव्हाही "तुम्ही-तुम्ही" करत अंतर ठेवलं तर ते तिला बरोबर कळतं. गावात सगळ्यांना अगं-तुगं अन् एकटीलाच अहो, हा मान नाही होत.

विचारायचं कसं? बाजूला घेऊन, हळू आवाजात, एकदाच. "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?" चौकात दहा जणांसमोर "तुम्ही नेमके कोण?" असं नाही. अन् ऑपरेशन झालंय का, आत काय आहे, हे तर कधीच नाही. तुम्ही तुमच्या चुलत्याला असलं विचारता का?

जुनं नाव तोंडातून निघालं तर?

माझ्याच तोंडून निघालंय. हजेरीच्या वहीत आमच्या ट्रान्स बाईचं जन्मावेळचं जुनं नाव होतं अन् मी भर मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. खोलीत एकदम शांतता झाली, ती खालची सतरंजी नखानं खरवडत बसली. मी मग खूप वेळ माफी मागत राहिले, माझं चुकलं, मला लई वाईट वाटतंय, अन् शेवटी तीच माझी समजूत काढायला लागली. ते जास्त चुकलं. नंतर तिनंच सांगितलं, "माफ कर म्हणायचं अन् बरोबर नाव घेऊन पुढं जायचं, मला त्यातच बसवून ठेवू नको." त्या रात्री आम्ही वही नवीन केली, जुनी पानं खोडून नाही, पूर्ण नवीन लिहून काढली.

सभासदाच्या फॉर्मवर काय छापायचं?

आधी स्वतःला विचारा की तो स्त्री-पुरुषाचा रकाना हवाच कशाला. पुस्तक न्यायला बाई का पुरुष हे कशाला पाहिजे? आम्ही काढूनच टाकला. जिथं सरकारी नियमानं लागतोच तिथं स्त्री, पुरुष, तृतीयपंथी असे तीन पर्याय अन् खाली "सांगायचं नाही" हा चौथा. बँकांना तर रिझर्व्ह बँकेनं २०१५ लाच फॉर्ममध्ये तृतीयपंथी पर्याय ठेवायला सांगितलंय.

पंगतीत कुठं बसवायचं?

हे लांबलचक सांगते कारण सगळं इथंच अडतं.

आमच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी आधी गड्यांची पंगत उठते, मग बायकांची. आमची ही ट्रान्स ताई तीन वर्षं प्रत्येक सप्त्यात वाढायला असायची. पाण्याच्या टाकीपाशी उभी, हातात स्टीलचा जग, पहिल्या पंगतीला पाणी, दुसऱ्या पंगतीला बुंदी, घामानं पदर भिजलेला. सगळे म्हणायचे, किती सेवा करती. कुणाच्या लक्षातच आलं नाही की ती कुठल्याच पंगतीत बसत नव्हती. वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कुठं बसणार, म्हणून ती वाढत होती. शेवटी भांडी घासायच्या वेळी उभ्यानंच दोन घास खायची.

चौथ्या वर्षी मला हे कळलं तेव्हा मी कमिटीत बोलले. लगेच वाद. "बायकांत बसवलं तर बायका उठतील." मग शेजारची एक सत्तरीतली आजी, जिला यातलं काही माहीत नाही, तिनं नुसतं पत्रावळ सरकवली अन् म्हणली, "ये गं, हितं बस, किती उभारशील." ताई बसली. दोन बायका खरंच उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. पुढच्या वर्षी त्या दोघींतली एक परत आली, दुसरी अजूनही लांबच बसते, अन् पंगत त्यामुळं कुठं थांबलेली नाही.

कमिटीच्या ठरावाची वाट बघत बसू नका. कुणीतरी पत्रावळ सरकवायची असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचंही तेच, अन् तिथं विधवांनाही बोलवा, ते दार एकदाच उघडतं.

संडास-बाथरूमचं काय?

स्वच्छ भारतच्या २०१७ च्या सूचनांतच लिहिलेलं आहे की तृतीयपंथी व्यक्तीला सार्वजनिक शौचालयात स्त्री किंवा पुरुष यापैकी स्वतःच्या पसंतीच्या बाजूला जाता येतं. जागा असेल तर एक दार "सर्वांसाठी" करा, आतून चांगली कडी अन् लाईट पाहिजे. आमच्याकडं पैसे फक्त कडीला लागले. कार्यक्रम दिवसभराचा असेल तर हे आधी बघा, कारण पुष्कळ जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत, संडासला जायचं टाळायचं म्हणून. मराठवाड्याच्या उन्हात.

दुकानात टाळी वाजवून पैसे मागतात, त्यांच्याबद्दल काय म्हणणं आहे?

कुणी दमदाटी केली तर त्या माणसाची तक्रार करा, जशी दुसऱ्या कुणाची कराल. पण सगळ्यांना त्यात ओढू नका. अन् एक गोष्ट बघा. बारशाला, नवीन दुकानाच्या उद्घाटनाला त्यांची दुवा पाहिजे असते. नवरीच्या अंगावरून उतरवून टाकलेला नारळ त्यांनी न्यावा असं वाटतं. पण त्याच बाईला खोली भाड्यानं द्यायची म्हणलं की "घरात पोरंबाळं आहेत." आमच्या ताईला एका गावात अकरा घरांनी नाही म्हणलं. बाराव्यानं दुप्पट भाडं सांगितलं. काम नाही, खोली नाही, मग माणूस टाळी वाजवणार नाही तर काय करणार? आशीर्वादापुरतं दारात बोलवायचं अन् रोजच्या जगण्यात दार लावायचं, हे मला मान्य नाही अन् मी हे कुठंही सांगते.

करता येण्यासारखं म्हणजे काम द्या. आमची ताई आता गटाचं मिरची कांडप अन् शेवयाचं मशीन सांभाळते, उन्हाळ्यात सकाळी सहाला मशीन सुरू असतं.

माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो मी मुलगी आहे. काय करू?

ताई, त्यानं किंवा तिनं तुम्हाला सांगितलं, म्हणजे भरवसा तुमच्यावर आहे. तो पहिला धरून ठेवा.

मारू नका. देवऋष्याकडं, अंगारे-धुपाऱ्याला नेऊ नका. "लग्न करून दिलं की सुधारतं" असं भाऊबंद म्हणतील, त्यानं दोन घरं बुडतात, आम्ही बघितलंय. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत हे मानसिक आजारांतून काढलंय, ती यादी २०१९ ला मंजूर झाली अन् २०२२ पासून लागू आहे. समलिंगी असणं तर १९९० लाच काढलं होतं. "बरं करून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या, नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलंय.

पण लेकरू झोपत नसेल, जेवत नसेल, जिवाचं काही बरंवाईट बोलत असेल तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. मारहाण होत असेल तर १०९८ चाईल्डलाईन. अन् घाई कशाचीच करू नका, ना नाव बदलायची ना घरातून काढायची. तुम्हाला समजायला वेळ लागणार, तो घ्या, फक्त त्या वेळात रोज रात्री सोबत जेवा.

कुणाबद्दल कळलं तर त्याच्या घरी सांगावं का?

नाही. कुणालाच नाही. बायकोलाही नाही. आपल्याकडं एक शब्द निसटला की संध्याकाळपर्यंत पारावर असतो, अन् त्यात लोकांची घरं, नोकऱ्या, कधी जीवही गेलेत.

लातूरला शिकायला पाठवायचंय, होस्टेल मुलांचं का मुलींचं?

क्लासेसमुळं लातूरला हा प्रश्न लई येतो. खरं उत्तर असं की बहुतेक खाजगी होस्टेलवाल्यांनी याचा विचारच केलेला नाही. लेकराला आधी विचारा. दोघांतिघांत वेगळी खोली घेता आली तर बरं, घरमालकाला किती सांगायचं हे लेकरू ठरवेल. कॉलेजात रॅगिंगची तक्रार करता येते, ती लेखीच करा अन् पोच घ्या.

कागदपत्रं कशी बदलतात?

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क त्या व्यक्तीचा आहे अन् त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करणं बेकायदा आहे. मग २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र अन् ओळखपत्र मिळायची सोय झाली, अर्ज केंद्राच्या तृतीयपंथी पोर्टलवरून होतो. काय काय जोडायचं ते अर्जाच्या दिवशी पोर्टलवर वाचूनच जा, नियम बदलत राहतात अन् सेतूवाल्याला जुनंच माहीत असतं. आधार, पॅन, मतदार कार्ड तिन्हीत तृतीयपंथी नोंद होते. स्पेलिंग सगळीकडं एकच ठेवा, आमची एक फेरी निव्वळ एका वेलांटीपायी वाया गेली. टेबलावरून हुसकावलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, नंबर १५१००.

गावानं हाकलून दिलं तर काही कायदा आहे का?

२०१९ च्या कायद्यानं घरातून, गावातून हाकलणं, सार्वजनिक जागी येऊ न देणं हा गुन्हा ठरवलाय, शिक्षा ६ महिने ते २ वर्षं अन् दंड. ग्रामसभेत हे एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, आवाज उतरतात.

नोकरी, निवडणूक असं काही खरंच कुणाला मिळालंय का?

आपल्या बीडचंच घ्या. माजलगावला नोकरीला असलेले पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे महिला म्हणून भरती झालेले होते. २०१७ ला ऑपरेशनसाठी रजा मागितली, मिळाली नाही, कोर्टापर्यंत जावं लागलं. २०१८ ला सरकारनं परवानगी दिली, मुंबईत ऑपरेशन झालं अन् ते पुरुष कॉन्स्टेबल म्हणून त्याच बीड पोलिसात परत रुजू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी पर्याय आला. अन् जळगावच्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज बाद केलता, जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो मान्य करायला लावला अन् त्या निवडून आल्या.

दोन बाया किंवा दोन पुरुष सोबत राहत असतील तर?

गुन्हा नाही, ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून नाही. लग्नाची कायदेशीर नोंद अजून होत नाही, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ती मागणी मानली नाही. पण दोघांना जॉइंट खातं काढता येतं अन् त्या खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येतं, २०२४ ला केंद्राच्या अर्थखात्यानं हे स्पष्ट केलंय. गावानं त्यांच्या बाबतीत एवढंच करायचं की दळण, दूध, पाण्याचा टँकर यातला त्यांचा नंबर मागं ढकलायचा नाही.

कीर्तनकार महाराजच स्टेजवरून टिंगल करतात, मग?

तारीख घ्यायला जाता तेव्हाच सांगा. "महाराज, आमच्या गावात अशी लेकरं समोर बसलेली असतात, तेवढं सांभाळून." आम्ही सांगतो. दोन महाराजांनी हो म्हणलं, एक रागावले, त्यांची तारीख आम्ही घेतली नाही.

आमच्या गावात येऊन बोलाल का?

येऊ. पण ताईला "दाखवायला" आणा म्हणू नका, तिला यायचं असेल तरच ती येईल. रविवार सोडून सांगा, रविवारी मशीनवर गर्दी असते. जायचं-यायचं एसटीचं भाडं द्या अन् जेवणाला सगळ्यांसोबत बसवा.